दोन फिटांच्या मधले दिवस

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फिटच्या गोळ्या न्यायला येणारी काही ठरलेली माणसं आहेत. त्यातलाच एक तिशीतला तरुण. तीन एकर कापूस, आणि हंगामात जिनिंगवर काम. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तो आईबरोबर आला. मी सवयीने आमच्या अहिराणीत विचारलं, "मग, फीट उनी (आली) का?" उत्तर आईनेच दिलं, "तीन महिना व्हयनात, एक बी नही उनी. देव पावना." ती पिशवी घेऊन पुढच्या किराणा दुकानाकडे वळली. तो मात्र पायरीवरच घुटमळला आणि हळूच म्हणाला, "फीट नही उनी भाऊ, पन माले काहीच गोड लागत नही."

इतकी वर्षं मी हीच एक गोष्ट विचारत आलो होतो. डॉक्टर तेच विचारतात आणि घरचेही तेच मोजतात. त्याच्या आईकडे तर शाळेच्या वहीत सगळ्या फिटांची तारीखवार नोंद होती. पण फिट दोन मिनिटांची असते. दोन फिटांच्या मधे महिना असतो, कधी वर्ष असतं. त्या दिवसांत माणसाच्या मनाचं काय चाललंय, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

हा लेख त्या दिवसांबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. पण ज्या गोळ्या विकतो त्यांच्याबद्दल, आणि त्या घेणाऱ्यांच्या मनाबद्दल, जे वाचलं आणि आमच्या डॉक्टरांना विचारून पक्कं केलं, ते सांगतो.

आधी आजाराचं थोडक्यात. फिट, आकडी, मिरगी, फेफरं, पुस्तकातला अपस्मार ही सगळी एकाच आजाराची नावं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विजेच्या भाषेत बोलतात. त्यातल्या बऱ्याच पेशी एकदम, एकाच सुरात ओरडायला लागल्या की फिट येते. दरवेळी माणूस पडून झटकेच देतो असं नाही. कोणी नुसतं टक लावून बघत राहतो, कोणी तोंड चघळल्यासारखं करतो. कारणंही वेगवेगळी असतात: जन्माच्या वेळची इजा, मोटारसायकलवरून पडून डोक्याला बसलेला मार, जंताच्या अंड्यांमुळे मेंदूत झालेल्या गाठी. पुष्कळदा कारण सापडतच नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान आणि उपचार मिळाले तर यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट पूर्ण थांबू शकतात.

आता मनाचं. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तर फिट येणाऱ्या प्रौढ माणसांपैकी साधारण चार-पाचांत एकाला डिप्रेशन असतं. आत्महत्येच्या धोक्याचा एक मोठा अभ्यास डेन्मार्कमध्ये झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. तिथे सगळ्या नागरिकांच्या आजारांची नोंद सरकारदरबारी असते, म्हणून १९८१ ते १९९७ या काळातल्या आत्महत्येने झालेल्या २१ हजारांहून जास्त मृत्यूंची इतर लोकांच्या नोंदींशी तुलना करता आली. फिटचा आजार असलेल्यांमध्ये हा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला. ज्यांना आधी कुठलाही मानसिक आजार नव्हता अशांपुरतं पाहिलं आणि पैशापाण्याची परिस्थितीही हिशोबात धरली, तरी तो जवळजवळ दुप्पट राहिला. माझ्या डोक्यात घर करून बसलेला आकडा मात्र तिसराच: निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत धोका पाचपटीहून जास्त होता.

तिप्पट हा शब्द ऐकून घाबरून जाऊ नका. आपल्या देशात वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण १२ आत्महत्यांची नोंद होते. डेन्मार्कची तिप्पट नुसत्या हिशोबासाठी इथे लावली तर लाखात ३६ होतात. म्हणजे उरलेले ९९ हजार ९६४ जण जगतात, कामाला जातात, पोरं शाळेत घालतात. धोका खरा आहे, पण तो नशिबात लिहिलेला नाही. पहिल्या सहा महिन्यांचा आकडा मला उपयोगाचा वाटतो तो एवढ्यासाठी की जास्त लक्ष कधी ठेवायचं ते त्यातून कळतं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि ज्याला आजार आहे तो रात्री छताकडे बघत पडलेला असतो.

"आजार म्हटला की माणूस उदास होणारच, त्यात काय एवढं?" हे वाक्य मी काउंटरवर शंभरदा ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. फिट आणि उदासी यांचं घर मेंदूत एकाच गल्लीत आहे. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो तिथून बऱ्याच मोठ्यांच्या फिट सुरू होतात. आठवणी, भीती, आनंद-दुःखाचे धागेही तिथूनच जातात. पेशींमधले निरोप पोचवणारी सेरोटोनिनसारखी रसायनं दोन्हींत गुंतलेली आहेत. म्हणून रस्ता दुतर्फा चालतो. फिट येणाऱ्याला डिप्रेशन होण्याची शक्यता जास्त, आणि ज्याला आधीपासून डिप्रेशन आहे त्याला पुढे फिट सुरू होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त. म्हणजे कित्येकांत उदासी आधी येते आणि पहिली फिट नंतर. मन खचलं म्हणून माणूस कमकुवत, या समजुतीला इथेच सुरुंग लागतो.

फिटच्या आगेमागेही मनाचे चढउतार असतात, आणि घरच्यांना ते ओळखता आले पाहिजेत. फिट येण्याआधी काही तास, कधी एखाद-दोन दिवस, माणूस उगाच चिडका होतो. ताट ढकलतो, बायकोवर खेकसतो. काहींना फिटची सुरुवातच कारणाशिवाय दाटून आलेल्या भीतीने होते. फिट येऊन गेल्यावर एक-दोन दिवस रडू येणं, सगळं व्यर्थ वाटणं, मरणाचे विचार येणं असंही होतं, आणि मग आपोआप ओसरतं. ओसरतं म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण ते एक-दोन दिवस जपण्याचेच असतात. विरळ, पण लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट: एका पाठोपाठ बऱ्याच फिट आल्या, मग एक-दोन दिवस माणूस अगदी बरा वाटला, आणि त्यानंतर अचानक संशय घ्यायला लागला, नसलेले आवाज ऐकायला लागला, तर ते 'बाहेरचं' नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि आमच्या तरुणासारखं, फिट थांबल्यावर मन बिघडणं? तेही वैद्यकाला ठाऊक आहे. लांडोल्ट नावाच्या स्विस डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच अशा रुग्णांची नोंद केली होती: मेंदूतल्या विजेचा आलेख (ईईजी) सुधारला आणि माणूस मात्र बिघडला. हे क्वचित होतं. गोळीचा परिणाम त्याहून जास्त वेळा दिसतो. त्याकडे येतोच, पण आधी गावाकडे बघू.

खान्देशात फिट येणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो? विहिरीवर जाऊ नको. मोटारसायकल चालवू नको. एकटा शेतात थांबू नको. बाई असेल तर चुलीपाशी बसू नको. ही बंधनं बरीचशी योग्य आहेत, पण सगळी एकदम घातली की माणसाच्या हातात काही उरत नाही. गाडी नसलेला तरुण आमच्याकडे अर्धा माणूस समजतात. त्यात शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. गव्हाला पाणी भरायला रात्रभर जागायचं, आणि झोपमोड हे तर फिट ओढवून घ्यायचं हमखास कारण. त्याने रात्रपाळी टाळली तर भाऊ म्हणतो अंग चोरतो, आणि केली तर फिट. या कात्रीत सापडलेल्या माणसाला 'सकारात्मक विचार कर' असं सांगणं मला तर थट्टाच वाटते. त्यापेक्षा घरात बसून पाण्याच्या पाळ्या बदलून घ्या. हाही उपचारच आहे.

लग्नाचं दुखणं वेगळं. हिंदू विवाह कायद्यात एकेकाळी मिरगी हे लग्नाला आड येणारं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने काढला तरी सोयरिकीच्या बैठकीतून तो गेलेला नाही. मुलीच्या घरचे आजार लपवतात, आणि मग सासरी गोळ्या डाळीच्या डब्यात. पाहुणे आले, डबा उघडता आला नाही, गोळी चुकली, फिट आली, आणि फसवल्याचा आरोप. अशा दोन लेकी मला माहीत आहेत. त्यातली एक दर दोन महिन्यांनी माहेरी येऊन माझ्याकडून गोळ्या नेते, बिलावर दुसऱ्याचं नाव टाकायला सांगते. मी टाकत नाही. पाकीट मात्र साध्या कागदात बांधून देतो. लपवून जगण्याचा जो ताण असतो तो कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

भगताचंही बोललंच पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याला काय किंवा तापीकाठच्या गावात काय, पहिल्या फिटनंतर पुष्कळजण आधी भगताकडे जातात. मला त्यांची टर उडवायची नाही. डॉक्टरकडे चार मिनिटं मिळतात, भगत तासभर बसून घरच्या सगळ्यांचं ऐकतो. नारळ फोडा, अंगारा लावा. पण गोळी बंद करायला सांगणारा आणि भूत उतरवायचं म्हणून मारहाण करणारा, या दोघांना दारात उभं करू नका. भुताच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता माझ्या आवडीचा विषय, गोळ्या. फिटच्या गोळ्या मेंदूचा आवाज खाली आणतात, त्यामुळे त्यातल्या काही मनावरही असर करतात. लेव्हेटिरॅसिटम ही आज खूप दिली जाणारी, चांगली गोळी. पण ती घेणाऱ्यांतले काहीजण चिडखोर होतात, काही उदास. फेनोबार्बिटोन ही जुनी आणि स्वस्त, तिनेही उदासी येऊ शकते. टोपिरामेटचंही तसंच. उलट लॅमोट्रिजिन, व्हॅल्प्रोएट, कार्बामॅझेपिन या मनाला काहीसा आधार देणाऱ्या समजल्या जातात. म्हणून यातली उचलून आपणच सुरू करावी असं नाही. व्हॅल्प्रोएट पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ती देताना डॉक्टर दहादा विचार करतात. लॅमोट्रिजिन फार हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं.

२००८ साली अमेरिकेच्या औषध खात्याने फिटच्या ११ औषधांच्या १९९ चाचण्या तपासून इशारा दिला होता: ही औषधं घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं तुलनेसाठी औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसलं. बातमी आली तशी लोकांनी गोळ्या टाकल्या. खरा हिशोब असा की फरक हजारात दोन माणसांच्या आसपास होता. आणि गोळी एकदम बंद केली तर कधी फिटमागून फिट येत राहते, शुद्धच येत नाही, त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगून बदलायची, स्वतःहून सोडायची नाही. दुकानदाराचं ऐकूनही नाही, माझंसुद्धा. नवी गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की तारीख लिहून ठेवा आणि पुढचे दोन-तीन महिने माणसाच्या स्वभावाकडे बघा. डॉक्टरांसमोर "तेव्हापासून असा झालाय" हे एक वाक्य दहा तपासण्यांचं काम करतं.

दुसरी भीती बरोबर उलटी: "मनाच्या गोळ्यांनी फिट वाढते." हा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. बुप्रोपिऑन, क्लोमिप्रामिनसारख्या काही औषधांच्या बाबतीत सावध राहावंच लागतं. पण सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी डिप्रेशनवरची नेहमीची औषधं योग्य डोसमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, फिट येणाऱ्यांनाही दिली जातात. जोडीला समुपदेशन, म्हणजे विचारांची गाठ बोलून सोडवण्याची पद्धत. तिचाही गुण येतो. मानसोपचार विभाग धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आहे. केसपेपर काढायचा आणि रांगेत उभं राहायचं, एवढंच. वेड्यांचा डॉक्टर म्हणून लाजणाऱ्यांना मी सांगतो, मेंदूचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर एकाच अवयवाकडे दोन खिडक्यांतून बघतात.

डिप्रेशन ओळखायचं कसं, हा जरा अवघड प्रश्न आहे. एरवी आपण झोप, भूक, थकवा विचारतो. फिटच्या गोळ्यांनीच सुस्ती येते, भूक बदलते. म्हणजे ती खूण फसवी. म्हणून फिट येणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी २००६ मध्ये सहाच प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार केली, त्यात शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्या. गेल्या दोन आठवड्यांत साधी गोष्टही डोंगर वाटते का, आपलं काहीच बरोबर होत नाही असं वाटतं का, अपराधी वाटतं का, वैताग येतो का, कशात आनंद वाटतो का, आणि मेलेलं बरं असं वाटतं का, असा तिचा रोख. निदान डॉक्टरच करतील, पण या दिशेने विचारणं घरातल्या कोणालाही जमेल. आमच्याकडे कोणी "मी उदास आहे" म्हणत नाही. "जीव लागत नही", "कटाळा उना", "डोकं जड शे" असंच येतं. पुरुषाचं डिप्रेशन तर बऱ्याचदा रागाचं सोंग घेऊन येतं.

शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवलं जाईल अशी भीती असते. ती खोटी आहे. थेट विचारल्याने असा विचार पेरला जात नाही, उलट कोंडलेल्याला वाट मिळते. आडवळणाने नको. "तुला मरून जावंसं वाटतं का रे?" असं शांतपणे, जवळ बसून, मोबाइल बाजूला ठेवून. उत्तर 'हो' आलं तर भाषण देऊ नका, आईबापाची शपथ घालू नका. ऐका. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. फिटच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच हाताशी ठेवा, बाकीच्या घरातल्या दुसऱ्या कोणाकडे. कारण असा क्षण बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि मधे अंतर पडलं की तो टळतो. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस फुकट आहे आणि मराठीत बोलते. अगदी तातडीचं असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल म्हणून लोक दडपतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. दवाखान्यात न्यायला घाबरायचं काही कारण उरलेलं नाही.

तर तो तरुण. त्या दिवशी मी जुनी बिलं काढली. नवी गोळी सुरू होऊन बरोबर तीन महिने झाले होते. फिट थांबल्या तेही तीन महिने, आणि काही गोड लागत नव्हतं तेही तीनच महिने. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि वर लिहिलेला प्रश्न विचारला. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, ती थांबली. तो खूप वेळ काउंटरच्या काचेकडे बघत राहिला आणि मग 'हो' अशी मान हलवली. आईला बोलावलं, तिघे बोललो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने दोघं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी जुनी गोळी हळूहळू कमी करत दुसरी वाढवली, मनासाठी एक गोळी दिली, आणि दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलं. पहिला महिना काहीच फरक नव्हता, तसं मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

परवा मायलेक आले होते. "कसं काय?" मी विचारलं. या वेळी उत्तर त्यानेच दिलं. "मांगला हप्तामा एक बारीक फीट उनी. पन चहा गोड लागस आते."

आईने पिशवीतून वही काढून फिटची तारीख मला दाखवली. मी पेन दिलं आणि चहाचंही त्याच ओळीत लिहायला लावलं.